हिंगणघाटास विसावलेले भूमापक कर्नल विल्यम लँबटन

तूर सोंगून झाली म्हणजे आपल्या वऱ्हाडांत धुऱ्यांचे तंटे सुरू होतात, हें आपणांस सांगावयास नको. आमच्या फेरीच्या एका गांवीं दोघां सख्ख्या भावांनीं वडिलार्जित वावर निमेनिम वांटून घेतलें होतें. थोरल्यास शंका आली कीं, धाकट्याच्या वांट्याची पट्टी अधिक रुंद आहे. त्यानें एके दिवशीं पहाटे अंबाडीचा दोर घेतला व धाकट्याची पट्टी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत मोजिली, तों ती दीड हात अधिक भरली. हें कानीं येतांच धाकट्यानें तोच दोर घेऊन तीच पट्टी भर दुपारीं मोजिली, तों ती ठरल्याप्रमाणें बरोबर भरली. दोघेहि सरळ मनाचे, परंतु दोघांनींहि एकमेकांस लबाड ठरविलें व बोलणें सोडलें. आम्ही बोलावण्यावरून गेलों तेव्हां तो दोर खळ्यांत उघड्यावर पडलेला दिसला. रात्रभर दहिंवरांत भिजून तो पहाटे आंखडत असे आणि दुपारच्या उन्हांत वाळून पुन्हां सैल होत असे. लबाड भाऊ नव्हते; लबाड दोर होता.

त्या दिवशीं परत येतांना आम्हांस अशा एका पुरुषाचें स्मरण झालें कीं, ज्यांनीं आपल्या हातांतील मापावर आंधळा विश्वास कधींहि ठेविला नाहीं. त्यांची कबर आपल्यापासून फार दूर नाहीं. अमरावतीकडून वर्धा नदी ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे वेणा नदीच्या कांठीं हिंगणघाट ही कापसाची जुनी पेठ लागते. तेथें कर्नल विल्यम लँबटन यांना पुरलें आहे. हिंदुस्थानचा नकाशा ज्या मोजणीच्या पायावर उभा राहिला तिचे हे आरंभकर्ते. त्यांचें चरित्र आज आम्ही आपल्यापुढें ठेवितों.

लँबटन साहेबांचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, नॉर्थॲलर्टन गांवाजवळील एका शेतवाडींत, सुमारें १७५३ सालीं झाला. आईबाप साधे शेतकरी होते, आणि मुलास शिकविण्याची त्यांची ऐपत नव्हती. परंतु मुलाची गणितांतील गति पाहून शेजारच्या कांहीं गृहस्थांनीं त्याला शाळेंत घालण्यास साह्य केलें. १७८१ सालीं तो तरुण फौजेंत कनिष्ठ अधिकारी झाला व पुढें तेहतिसाव्या पलटणींत दाखल झाला. अमेरिकेंत त्या वेळीं युद्ध चालू होतें, म्हणून त्याची रवानगी तिकडे झाली.

युद्ध संपल्यावर लँबटन साहेब कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत राहिले. तेथें नव्यानें येणाऱ्या वसाहतवाल्यांस रानांतील जमीन वांटून द्यावयाची होती, आणि त्या कामीं मोजणीचा अनुभव त्यांना मिळाला. मग लष्करी बराकींवर देखरेख करण्याची एक लहानशी जागा मिळाली, आणि तींत त्यांचीं सुमारें तेरा वर्षें गेलीं. वरिष्ठ त्यांना जवळजवळ विसरूनच गेले होते. बर्फानें वाटा बंद होत, तेव्हां ते गणिताचे व भूमापनाचे ग्रंथ घेऊन बसत. सूर्यग्रहण पाहतांना पुरेशी काळजी न घेतल्यामुळें त्यांच्या एका डोळ्याची दृष्टि गेली, ती याच सुमारास असें सांगतात. ज्यांनीं पुढें सारा देश दुर्बिणींतून पाहिला, त्यांनीं तो एकाच डोळ्यानें पाहिला.

अठरावें शतक संपण्यास थोडींच वर्षें उरलीं असतांना ते आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानांत आले. वय चाळिशीच्या पलीकडे गेलेलें, आणि हुद्दा अजून लेफ्टनंटाचा. पलटणीचे कर्नल आर्थर वेलस्ली होते. १८०३ सालीं अकोल्याकडील अडगांवची लढाई व त्यानंतर गाविलगड जिंकणारे सेनापति ते हेच. १७९९ सालीं टिपू सुलतानावर श्रीरंगपट्टणची मोहीम झाली, तींत लँबटन साहेब जनरल बेअर्ड यांच्या तुकडीबरोबर होते. एका रात्रीं ती तुकडी अंधारांत कूच करीत असतां लँबटन साहेबांनीं आकाशाकडे पाहिलें व ताऱ्यांवरून ओळखिलें कीं, आपण उत्तरेस आपल्या तळाकडे न जातां दक्षिणेस शत्रूकडे चाललों आहों. त्यांनीं तसें जनरल साहेबांस कळविलें, होकायंत्र काढून पाहिलें तों तें खरें ठरलें, आणि तुकडी वेळींच परत फिरली.

टिपूचें राज्य पडल्यावर कंपनी सरकारच्या हातीं मोठा मुलूख आला, परंतु त्याचा विश्वासूं नकाशा कोणाजवळहि नव्हता. लँबटन साहेबांनीं असें सुचविलें कीं, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोजणीची एक अखंड माळ न्यावी, म्हणजे मधलें प्रत्येक ठिकाण आपल्या खऱ्या जागीं येईल. वेलस्ली साहेबांनीं शिफारस केली व मद्रास सरकारनें मान्यता दिली.

आतां ही मोजणी कशी करितात तें आपण समजून घेऊं. डोंगर, नद्या व रानें ओलांडून शेंकडों मैल साखळी टाकीत जाणें शक्य नाहीं. म्हणून सपाट जमिनीवर पांचसात मैलांची एकच रेषा अत्यंत काळजीनें मोजावयाची. हिला आधाररेषा म्हणावें. मग तिच्या दोन्ही टोंकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील निशाणाकडे पाहून दोन कोन मोजावयाचे. एक बाजू व तिच्यावरील दोन कोन कळले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात, तेथें साखळी नेण्याचें कारण पडत नाहीं. निघालेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्या बाजूवर तिसरा, अशी माळ हवी तेवढी लांब नेतां येते. परंतु यांत एक मोठें भय आहे. सर्व त्रिकोण त्या एका रेषेवर उभे असतात, म्हणून तींत चूक राहिली तर ती प्रत्येक त्रिकोणांत उतरते, आणि माळ जितकी लांब तितकें तिचें ओझें वाढतें.

ही जोखीम ओळखून लँबटन साहेबांनीं १८०२ सालीं एप्रिल महिन्याच्या १० तारखेस मद्रासेजवळ आधाररेषेचें मुख्य काम आरंभिलें. प्रेषित थोमाच्या नांवानें प्रसिद्ध असलेली टेकडी तेथें जवळच आहे. त्यांच्याजवळ शंभर फूट लांबीची पोलादी साखळी होती. तिला अडीच अडीच फुटांच्या चाळीस कड्या होत्या. ही साखळी मुळांत चीनच्या बादशहास नजर करण्याकरितां इंग्लंडाहून निघाली होती. बादशहास ती नको वाटली, म्हणून ती फिरत फिरत कलकत्त्यास आली व तेथून लँबटन साहेबांच्या हातीं पडली.

आपल्या इकडे शेत मोजतांना साखळी भुईवर टाकून ओढीत नेत असत. लँबटन साहेबांनीं तसें केलें नाहीं. भुई उंचसखल असली तर तिच्यावर पडलेली साखळी चढउतारासहित अंतर दाखविते, आणि तें सरळ आडव्या अंतराहून नेहमीं अधिक भरतें. म्हणून त्यांनीं तिवयांवर लांकडी पेट्या मांडिल्या, मळसूत्रांनीं त्या वरखालीं करून एका रेषेंत आणिल्या, आणि त्यांत साखळी ताणून ठेविली. पेट्यांत उष्णतामापक यंत्रें ठेविलीं. कारण आमचा दोर जसा दहिंवरानें आंखडला, तसें पोलाद थंडीनें आंखडतें व उन्हानें वाढतें. शंभर फुटांच्या साखळींत एका अंशाच्या उष्णतेनें पडणारा फरक एका इंचाच्या शंभराव्या भागाहूनहि कमी असतो. तो डोळ्यांस दिसावयाचा नाहीं. परंतु साखळी चारशें वेळां टाकावयाची होती. एका अंशाची चूक प्रत्येक वेळीं राहिली तर चारशें वेळांत ती सुमारें तीन इंच होते, आणि दहा अंशांची चूक राहिली तर अडीच फूट. म्हणून साखळी टाकिली कीं उष्णता वाचावयाची, ती लिहून ठेवावयाची, आणि मगच पुढें जावयाचें. याखेरीज त्यांनीं दुसरी एक साखळी अलग ठेविली. ती रोजच्या कामास घेत नसत. कामाची साखळी वापरून किती ताणली तें या राखून ठेविलेल्या साखळीशीं ताडून पाहत व तेवढी दुरुस्ती हिशेबांत धरीत.

अशा रीतीनें ती रेषा सत्तावन दिवसांनीं पुरी झाली. ती चाळीस हजार सहा फुटांहून किंचित् अधिक, म्हणजे साडेसात मैलांच्या वर भरली. आमचे उपदेशक बंधु एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातांना एवढी वाट अडीच तासांत चालून जातात. लँबटन साहेबांस ती चालावयास मद्रासचा सारा उन्हाळा लागला.

कोन मोजण्याचें मोठें यंत्र इंग्लंडांत केरी नांवाच्या कारागिरानें केलें होतें. त्याचें वजन सुमारें अर्धा टन. तें जहाजानें येत असतां फ्रेंचांनीं जहाज पकडून मॉरिशस बेटास नेलें. परंतु तेथील फ्रेंच गव्हर्नरानें पेट्या उघडून पाहिल्यावर, हें विद्येचें साधन आहे असें जाणून, तें सन्मानानें मद्रासेस पाठवून दिलें. शत्रूनें दाखविलेल्या या सौजन्याची नोंद आम्ही मुद्दाम करितों.

मग त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे चालली. बंगळुराजवळ पोंचल्यावर १८०४ सालीं लेफ्टनंट वॉरन यांनीं तेथें दुसरी आधाररेषा साखळीनें मोजिली. ही खरी कसोटी होती. मद्रासच्या रेषेवरून गणितानें या रेषेची लांबी आधींच काढलेली होती. दोन्ही आंकडे ताडून पाहतां सात मैलांच्या रेषेंत चार इंचांहूनहि कमी फरक निघाला. मोजणी किनाऱ्यापर्यंत गेली तेव्हां असें आढळलें कीं, त्या ठिकाणीं हिंदुस्थानची रुंदी जुन्या नकाशांत चारशें मैलांच्या आसपास दाखविली होती, ती सुमारें तीनशें साठच मैल आहे. म्हणजे कागदावरचे चाळीस मैल जमिनीवर नव्हतेच.

तथापि सर्वांस या कामाची किंमत कळली असें नाहीं. हिशेबखात्यांतील कोणी असें विचारीत कीं, प्रवाशास एखाद्या शहरीं जावयाचें असेल तर तो पालखींत बसून वाट विचारीत जाईल. त्याकरितां एवढा खर्च कशाला? लँबटन साहेबांनीं उत्तरें लिहिलीं, परवानग्या मागितल्या, थोडक्या पैशांत भागविलें आणि काम थांबूं दिलें नाहीं. किनाऱ्याकडील मोजणीबरोबर त्यांनीं दुसरी एक माळ दक्षिणोत्तर धरिली. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित् चपटी आहे. तिचा आकार नेमका किती चपटा हें जाणावयाचें तर एका रेखांशावर दूरवर अंतर मोजून, दोन्ही टोंकांस ताऱ्यांचे वेध घेऊन, एका अंशास किती मैल पडतात तें पाहावें लागतें. यासाठीं कन्याकुमारीजवळून निघालेली ही माळ उत्तरेकडे येऊं लागली.

१८०८ सालीं तंजावर येथें मोठें संकट आलें. सपाट मुलुखांत टेकडी नव्हती, म्हणून तें जड यंत्र तेथील मोठ्या देवळाच्या उंच शिखरावर चढवीत होते. इतक्यांत एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें, आणि ज्या चक्रावर कोन वाचावयाचे तेंच वांकलें. पाहणाऱ्यांस वाटलें कीं, काम संपलें. लँबटन साहेबांनीं कोणासहि दोष दिल्याचें ऐकिवांत नाहीं. त्यांनीं तंबू लावून घेतला, यंत्र खिळाखिळा उलगडलें, एका मोठ्या फळीवर मूळच्या आकाराचें वर्तुळ आंखलें, आणि पाचरी, मळसूत्रें व कप्प्या लावून तें चक्र केंसाकेंसानें ओढून त्या वर्तुळावर आणिलें. यांत सुमारें सहा आठवडे गेले. त्यानंतर तेंच यंत्र पुढें कित्येक वर्षें कामीं पडलें.

१८१५ पर्यंत माळ बेदर प्रांतांत आली, आणि सुमारें दहा अंशांचा, म्हणजे जवळजवळ ६८० मैलांचा कंस पुरा झाला. १८१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना आपलें सभासद केलें व फ्रान्सच्या विद्वानांनींहि त्यांचा गौरव केला. १८१८ च्या आरंभीं हें खातें हिंदुस्थान सरकारकडे गेलें व त्यास मोठी त्रिकोणमितीय पाहणी असें नांव मिळालें. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट नांवाचे तरुण अधिकारी हाताखालीं आले.

येथें आम्ही थोडे थांबतों. या मोजणींत एकटे लँबटन नव्हते. साखळी धरणारे, पेट्या वाहणारे, टेकडीवर निशाण घेऊन उन्हापावसांत दिवसचे दिवस उभे राहणारे खलाशी व निशाणवाले शेंकडों होते. हैदराबादेच्या पूर्वेकडील रानांत तापानें कित्येक पडले; एव्हरेस्ट साहेबहि मरतां मरतां वांचले. साहेबांचीं नांवें ग्रंथांत आहेत. ज्यांच्या हातीं निशाण होतें त्यांचीं नांवें बहुधा कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. परंतु निशाण हातभर सरकलें असतें तर कोन चुकला असता, हें लक्षांत ठेवावें.

मग माळ आपल्या वऱ्हाडांत आली. एलिचपूर प्रांतांतील टाकरखेडें हें गांव इंग्रजी कागदांत टाकळखेरा या नांवानें प्रसिद्ध झालें, कारण या मोठ्या कंसाचें तें एक मुख्य ठाणें ठरलें. तेथून उत्तरेस पाहिलें कीं सातपुड्याची भिंत दिसते. गवंडी भिंत सरळ आहे कीं नाहीं हें ओळंब्यानें पाहतो, तसाच ओळंबा ताऱ्यांचे वेध घेतांना लागतो. परंतु डोंगर एवढा अवाढव्य असतो कीं, तो ओळंब्यास किंचित् आपल्याकडे ओढितो. ही ओढ डोळ्यांस दिसत नाहीं, तरी ताऱ्यांच्या वेधांत ती चूक म्हणून उतरते. पुढें एव्हरेस्ट साहेबांनीं वऱ्हाडच्या खोऱ्यांतील वेधांबद्दल या ओढीचा हिशेब केला. म्हणजे येथें साखळीच नव्हे, तर ओळंबाहि तपासून घ्यावा लागला.

लँबटन साहेब आतां सत्तरीस टेकले होते. खोकल्यानें छाती पोखरली होती. खात्याचें ठाणें हैदराबादेहून नागपुरास न्यावें असें ठरलें, तेव्हां त्या प्रकृतींतहि ते आपल्या मंडळीसह निघाले. नागपूर थोड्याच मजलांवर राहिलें असतां हिंगणघाटच्या मुक्कामीं १८२३ सालच्या जानेवारीच्या २० तारखेस त्यांचा अंत झाला. वीस वर्षांत त्यांच्या हातून एक लक्ष पासष्ट हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेशाची मोजणी झाली होती. एव्हरेस्ट त्या वेळीं पश्चिमेकडे मुंबईच्या वाटेवरील मोजणींत होते. त्यांनीं काम उचललें व वऱ्हाडांत येऊन ते टाकरखेड्यास वेध घेऊं लागले. ते स्वतः इतके आजारी होते कीं, यंत्रापाशीं बसावयास व उठावयास दोन माणसांनीं धरावें लागे. १८४१ पर्यंत कंस हिमालयाच्या पायथ्यास पोंचून एकवीस अंशांचा झाला. त्याच मोजणीच्या आधारें पुढें जगांतील सर्वांत उंच शिखराची उंची निघाली, व त्या शिखरास एव्हरेस्ट साहेबांचें नांव मिळालें. ज्यांनीं पहिली साखळी टाकिली त्यांच्या नांवाचें शिखर कोठेंहि नाहीं.

आपल्या शेतांची मोजणी यानंतर झाली. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केल्यावर मुंबईच्या पद्धतीनें शंकू व साखळी घेऊन मोजणीदार गांवोगांव फिरले. त्यांची साखळी ३३ फुटांची असे व तिचे सोळा आणे करीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हल्लीं हेक्टर व आर आले आहेत, आणि मोजणीस येणारे कर्मचारी उपग्रहांच्या खुणांवर चालणारें यंत्र काठीवर लावून उभें करितात. साधन पालटलें, तरी तें साधन खरें आहे कीं नाहीं हें आधीं पाहण्याचें काम सुटलेलें नाहीं. ताणलेल्या साखळीनें मोजलेलें शेत कागदावर लहान होतें, आंखडलेल्या दोरानें मोजलेलें मोठें होतें, आणि मोजणारा कितीहि प्रामाणिक असला तरी त्यामुळें एकाचें नुकसान होतेंच.

आतां त्या दोघां भावांचें सांगून हा लेख संपवितों. आम्हीं त्यांना एकच सुचविलें: दोर दोन दिवस घरांत कोरडा ठेवा, आणि दोन्ही पट्ट्या एकाच दोरानें, एकाच वेळीं, एकामागून एक मोजा, एक टोंक एकानें धरावें व दुसरें दुसऱ्यानें. त्याप्रमाणें ते तिसऱ्या दिवशीं दुपारीं वावरांत उतरले. दोन पट्ट्यांत एका वितीहून कमी फरक निघाला, आणि तोहि थोरल्याच्याच पट्टींत अधिक होता. थोरल्यानें कांहीं न बोलतां दोर गुंडाळला व धाकट्याच्या घरीं नेऊन खुंटीस टांगला.